खूप वर्षं वाट बघून थकलेल्या बहिणीला विश्वासात टिकायला आपण कशी साथ द्यायची?

बुधवारची_प्रार्थना (सोलापूर)

सर्वांना सलाम. जरा लांबलचक लिहितेय, पण इथं कुणाला विचारावं ते कळेना म्हणून तुम्हाला विचारतेय.

आमची सात रस्ता, मोदी भागातली बुधवारची कॉटेज प्रार्थना आहे. आठ-दहा घरं, आळीपाळीने एकेकाकडे बसतो, नळाला पाणी यायचा दिवस आला की वार पुढंमागं होतो पण प्रार्थना चुकत नाही. त्यात एक ताई आहे, माझ्यापेक्षा थोडी लहान, नाव नाही सांगत. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. नवरा टॉवेलच्या कारखान्यात आहे. दोघंही लहानपणापासून मंडळीतलेच, म्हणजे चर्चमधलेच, आणि नावापुरते ख्रिस्ती अजिबात नाहीत, ही तर अशी होती की गाणं कुणी सुरू करायचं हा प्रश्नच आम्हाला कधी पडला नाही, सतरंजीवर टेकेपर्यंत हिचा सूर लागलेला असायचा. सोलापूरला दाखवून झालं, पुण्याला झालं, मिरजेला झालं. पैसा गेला तो गेलाच. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेलं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात तीन दिवसांच्या सभा होत्या, बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. त्यांनी हिला सगळ्यांसमोर पुढं बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं की पुढच्या वर्षी याच वेळी तुझ्या मांडीवर मुलगा असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हालेलुया झालं. ते वर्ष उलटून गेलं.

तेव्हापासून ती हळूहळू मागं मागं सरकत गेली. आधी दाराजवळ बसायला लागली, मग शेवटच्या आशीर्वादाआधीच चप्पल घालून निघायला लागली. गेल्या महिन्यात मंडळीत दोन बाळांचा बाप्तिस्मा होता त्या रविवारी आलीच नाही. मी घरी गेले तर शेंगा निवडत बसली होती, चहा केला, इकडचं तिकडचं सगळं नीट बोलली, आणि मी निघताना म्हणाली, ताई, प्रार्थना विनंतीत माझं नाव नका घेऊ आता, देवावर राग नाहीये माझा, पण मला आता मागवत नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. मंडळीतले लोक म्हणतात विश्वास कमी पडतोय, कुणी म्हणतं काही कबूल करायचं राहिलं असेल, कुणी म्हणतं अब्राहाम आणि साराकडे बघ. शेजारच्या बायका नवस बोल म्हणून मागं लागलेल्या असतात ते वेगळंच. मला विचारायचंय की अशा माणसाला विश्वासात टिकून राहायला आपण नक्की काय करायचं? वचनं पाठवायची का गप्प बसायचं? नाव घेऊ नका म्हणाली तर खरंच नको का घ्यायला? आमच्या ग्रुपमध्ये एकवीस दिवसांचा उपवास धरायचं चाललंय तेही सांगा. कुणी अशातून गेलेलं असेल किंवा कुणाला सांभाळलेलं असेल त्यांनी लिहा प्लीज, नुसतं धीर धरा, देव करील असं नको.

निवृत्तबाई_होटगीरोड

सलाम गं. तुझं वाचल्यावर आधी त्या सभेचाच विचार मनात आला, म्हणून तिथूनच सुरू करते.

अब्राहामाचं उदाहरण सगळे देतात पण एक गोष्ट कुणी सांगत नाही, की त्याला मुलगा देईन हे स्वतः देवानं सांगितलं होतं. हारान सोडलं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा १०० वर्षांचा, म्हणजे मधली २५ वर्षं त्याच्याकडे निदान देवाचा शब्द तरी होता, आणि तो शब्द देवानं पुन्हा पुन्हा येऊन पक्का केला. आपल्या ताईला तसं वचन देवानं कुठं दिलंय? पवित्र शास्त्रात प्रत्येक जोडप्याला मूल मिळेल असं कुठंच लिहिलेलं नाही. ते एका माणसानं माईकवर सांगितलं, टाळ्या मिळाल्या, तो पुढच्या गावी गेला, आणि त्याचं ओझं वर्षभर ही वाहत बसली. आता ते खरं झालं नाही तर तिला काय वाटणार? एक तर देव खोटा, नाहीतर माझाच विश्वास कच्चा. दोन्ही चूक आहे. अनुवाद १८:२२ उघडून बघ, परमेश्वराच्या नावानं सांगितलेलं घडलं नाही तर तो शब्द परमेश्वराचा नव्हता, इतकं सरळ लिहिलंय. ऐकणारीचा विश्वास कमी पडला म्हणून घडलं नाही असं मोशे कुठंही म्हणत नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, तुमच्या पाळकांनी, म्हणजे पास्टरांनी, स्वतः तिच्या घरी जावं, नवरा घरी असेल अशा वेळी जावं, आणि स्पष्ट शब्दात सांगावं की तो शब्द प्रभूचा नव्हता आणि त्यात तुमचा काही दोष नाही. जे सगळ्यांसमोर बोललं गेलं ते मंडळीच्या जबाबदार माणसानं तोंडानं मागं घेतलं पाहिजे. तू किंवा मी सांगून ते वजन येत नाही.

दुसरं. अब्राहाम सांगताना लोक मधला १६ वा अध्याय गाळतात. तो थकला, सारा थकली, दासी हागारेकडून मूल मिळवायचा मार्ग काढला, इश्माएल झाला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता. पुढं देवदूत आले तेव्हा सारा तंबूच्या दारामागं हसली. तरी देवानं त्यांना टाकलं नाही. हे पूर्ण सांगितलं तर ताईला त्या गोष्टीत बसायला जागा मिळते. अर्धवट सांगितलं तर ते नुसतं टोचतं.

आणि हन्ना वाच, १ शमुवेल पहिला अध्याय, सावकाश वाच. तिलाही मूल नव्हतं. तिची सवत पनिन्ना तिला कधी छळायची? वर्षाच्या सणाला, शिलोला परमेश्वराच्या मंदिरात जायच्या वेळी. म्हणजे ज्या दिवशी सगळं कुटुंब देवाच्या घरी जातंय त्याच दिवशी हिचं दुखणं सगळ्यात जास्त, आणि हे वर्षानुवर्षं. ती जेवायची नाही, रडायची. नवरा म्हणाला मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का. याजक म्हणाला ही प्यायलेली दिसते. दोघंही वाईट नव्हते, पण दोघांनाही ती कळली नाही. म्हणून बाप्तिस्म्याच्या रविवारी तुमची ताई आली नाही त्याला थंडपणा म्हणू नका कुणी. त्या दिवशी दोन आया पांढऱ्या झबल्यातली बाळं घेऊन पुढं उभ्या राहणार, आणि हिनं बाकावर बसून मंडळीच्या वतीनं उत्तर द्यायचं की आम्ही या बाळांना प्रभूच्या मार्गात वाढवायला मदत करू. द्यायला हवं, ती पूर्वी देतही असेल, पण एखाद्या रविवारी गळ्यातून शब्द नाही निघत.

नाव घ्यायचं का? बुधवारी मोठ्यानं घेऊ नका. तिनं सांगितलंय, तिचा शब्द पाळा. पण तू तुझ्या घरी, तुझ्या वेळेला, रोज घे. तिला मागवत नाही म्हणाली ना, रोमकरांस ८:२६ त्यासाठीच आहे, कसं मागावं हे कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हून मध्यस्थी करतो. तिची प्रार्थना बंद पडलेली नाहीये, फक्त तिच्या तोंडून होत नाहीये एवढंच. तिला मात्र एकदा विचार, की मी घरी घेतलं तर चालेल का. बहुतेक हो म्हणेल.

भरतीवाला_विजापूररोड

प्रेज द लॉर्ड सगळ्यांना. मुलाबाळाच्या बाबतीत मी काय बोलणार, लग्नच नाही अजून, पण वाट बघणं म्हणजे काय ते मला माहितीय. पोलीस भरती, मग तलाठी, मग रेल्वे, कधी पेपर पुढं ढकलायलेत तर कधी निकाल कोर्टात अडकायलाय, वय चाललंय, आणि रविवारी मंडळीतून बाहेर पडलं की गेटवर प्रत्येक काका विचारायलेत, काय मग, लागला का निकाल. प्रेमानंच विचारतात ओ, पण नको वाटतं.

वचनांबद्दल विचारलंय म्हणून सांगतो. यिर्मया २९:११ मला इतक्या लोकांनी पाठवलंय की मोजता येणार नाही, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत वालं, फुलांचा फोटो आणि सूर्य. मग एक दिवस आमच्या युथच्या दादानं, यिर्मयानं बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं ते पूर्ण पत्र माझ्यासोबत बसून वाचलं. त्याच्या वरचंच दहावं वचन कुणी पाठवतच नाही. त्यात लिहिलंय बाबेलात ७० वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे ते पत्र ऐकणारे बरेचसे लोक तिथंच मरणार होते. आणि पाचव्या वचनात देव सांगायलाय की तोवर तिथं घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. एक खोटा संदेष्टा, हनन्या, तो त्याच्या आधीच्या अध्यायात दोन वर्षांत सगळं ठीक होणार म्हणून सांगत होता, लोकांना अर्थात तोच आवडला असणार. हे वाचल्यावर मला जे बरं वाटलं ते हजार फोटोंनी वाटलं नव्हतं, कारण देव खोटी तारीख देत नाही हे तरी कळलं.

त्याच दादानं अजून एक केलं, त्यानं मला चर्चचा साऊंड सांभाळायला लावला. दया म्हणून नाही, खरंच कुणी नव्हतं. रविवारी पावणेआठला जाऊन वायरी जोडायच्या म्हणजे मी आलो नाही तर माईक बंद. ज्या रविवारी मला घरात पडून राहावंसं वाटायचं त्या रविवारीही जावंच लागायचं, आणि गेलो की उपासना ऐकलीच जायची. निकालाचं तो कधीच विचारत नाही. शनिवारी गाडीवर बसवून नवी पेठेत इडली खायला नेतो आणि आयपीएलवर बोलतो. मी स्वतःहून काढलं तरच ऐकतो.

तर ताईला गाण्याचं काही काम देता येतंय का बघा. पण फक्त तिला जमेल आणि आवडेल ते.

कृपा_कुमठानाका

मला वाटतं उपवास नक्की धरा. लूक १८ मधल्या विधवेनं न्यायाधीशाचा पिच्छा सोडला नाही, आणि प्रभूनं तो दाखला सांगितलाच यासाठी की सर्वदा प्रार्थना करावी आणि खचू नये. आपण गप्प बसलो तर सैतानाला जागा मिळते. एकवीस दिवस, रोज एका घरानं, साखळी उपवास, आणि शेवटच्या दिवशी तिला बोलावून तिच्यावर हात ठेवून प्रार्थना. देव आजही करतो, मी डोळ्यानं बघितलंय.

निवृत्तबाई_होटगीरोड

कृपा, उपवासाला माझा अजिबात विरोध नाही, देव करतो हे मीही मानते. शेवटच्या दिवशी तिला बोलावून हात ठेवायचं तेवढं करू नका गं. सगळ्यांसमोर डोक्यावर हात एकदा ठेवून झालाय. पुन्हा तेच केलं की एकविसाव्या दिवसानंतर बावीसावा उजाडतो, आणि सगळे तिच्याकडे बघायला लागतात. उपवास धरा, पण तिला न सांगता धरा, आणि त्यात मूल दे एवढंच मागू नका, तिला प्रभूचा हात सुटू देऊ नको हेही मागा, नवऱ्यासाठी मागा. आणि आपल्या जिभेसाठीही मागा.

त्या दाखल्याचा शेवटही बघ, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय, असं प्रभू विचारतो.

कृपा_कुमठानाका

हो बाई, हे पटलं. न सांगता धरू. तुमच्या बुधवारच्या ग्रुपला हवं असेल तर आमच्या भागातल्याही चार-पाच बहिणी येतील साखळीत.

केडगावची_लेक

मी माहेरची केडगावची, सोलापूरला दिली. माझं वाट बघणं वेगळं आहे. माझे मिस्टर मंडळीत येत नाहीत. लग्नाच्या वेळी येत होते, मग सासऱ्यांच्या मयतीच्या वेळी मंडळीतल्या कुणाशी तरी वाद झाला आणि त्यांनी जे सोडलं ते सोडलंच. मुलं मोठी झाली, एकाचं लग्न झालं, अजून मी एकटीच जाते. ही साक्ष नाहीये, कारण शेवट झालेला नाही, आणि कदाचित म्हणूनच लिहितेय. साक्षीला नेहमी ज्यांचं झालं त्यांनाच उभं करतात आपल्यात. ज्यांचं अजून व्हायचंय त्यांनाही कधीतरी दोन मिनिटं द्या ना, नुसतं मी अजून आहे एवढं सांगायला.

मला लोक टिळकांचं उदाहरण देतात. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. पाच वर्षं. माझी त्याहून कितीतरी जास्त झाली, त्यामुळे आकडा ऐकून मला काही धीर येत नाही. पण त्या गोष्टीतली एक गोष्ट मला धरून ठेवते, की लक्ष्मीबाई रागावून, रडून वेगळ्या राहिल्या तरी टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही आणि नातंही तोडलं नाही, आणि जेव्हा लक्ष्मीबाई आल्या तेव्हा त्या त्यांच्या स्वतःच्या पायानं आल्या, विचार करून आल्या. मला ते शिकायचंय. रोज.

दुसरं आमच्या केडगावचं. तुम्ही सोलापूरहून पुण्याला जाता ना गाडीनं, दौंडच्या पुढं केडगाव लागतं, तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. आम्ही लहानपणापासून ऐकत मोठ्या झालो की बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. कित्येक वर्षं ते काम चाललं होतं, तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच मुली खिळे जुळवायच्या. शेवटी शेवटी बाईंना ऐकू येत नव्हतं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई स्वतः गेल्या. आणि पूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. हातात धरून बघायला त्या नव्हत्या. इब्री ११ च्या शेवटी लिहिलंय ना, हे सगळे विश्वासाने नावाजले गेले तरी त्यांना वचनानुसार फळ मिळालं नाही. ते वाचलं की मला बाईच आठवतात. देवाचं ज्याच्यावर प्रेम त्याचं सगळं याच जन्मी मार्गी लागतं असं जे आपण नकळत शिकवतो ना मंडळीत, त्यानं तुमच्या ताईसारख्या माणसांचं फार नुकसान होतं.

आता मला कशानं टिकवलं ते सांगते, थिअरी नको म्हणालात म्हणून. प्रभूभोजनाच्या रविवारी जोडपी एकत्र पुढं जाऊन गुडघे टेकतात. माझ्या शेजारची जागा रिकामी. आमच्या मंडळीत एक म्हाताऱ्या आँटी आहेत, विधवा आहेत, त्या प्रभूभोजनाच्या रविवारी न सांगता माझ्या बाकावर येऊन बसतात, गुडघे दुखतात त्यांचे तरी माझ्यासोबत पुढं येतात, माझ्या शेजारी टेकतात, उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतात. आजतागायत आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. मिस्टरांचं कसंय हेही त्या विचारत नाहीत. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

पाळकांच्या_घरची

मी एका पाळकांची बायको, पूर्वी नर्स होते, म्हणून एका गोष्टीवर बोट ठेवते. बुधवारची प्रार्थना ताई, तुम्ही लिहिलंत की दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेलं. एका ओळीत लिहिलंत आणि पुढं गेलात, आणि इथं वरती कुणीच त्यावर बोललं नाही. बहुतेक तिच्या बाबतीतही तसंच झालं असणार. आपल्याकडे गर्भपात झाला की चार दिवस आराम, मग म्हणतात लहान आहेस, होईल पुन्हा. मयत म्हणून कुणी धरत नाही, कुणी जेवण नेत नाही, पाळक येत नाहीत, प्रार्थना होत नाही. तिच्यासाठी ती दोन बाळं होती. ती फक्त येणाऱ्याची वाट बघत नाहीये, गेलेल्यांचं दुःखही तिच्या पोटात आहे आणि त्याला कुठंच वाट मिळालेली नाही.

आमच्या मिस्टरांनी अशा एका जोडप्याच्या घरी जाऊन छोटी प्रार्थना केली होती. नवरा, बायको आणि आम्ही दोघं, बाकी कुणी नाही. स्तोत्र १३ वाचलं, ज्यात दावीद परमेश्वराला किती वेळ, किती वेळ म्हणून विचारतो. मग त्या बाळांसाठी उपकार मानले, त्यांना प्रभूच्या हाती दिलं. नवरा जो रडला तो बायकोपेक्षा जास्त. त्यानंतर त्यांचं मूल झालं की नाही हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ती प्रार्थना त्यासाठी नव्हती.

अजून एक. कुणीतरी लवकरच म्हणेल, मग दत्तक घ्या. कृपा करून हे तुम्ही काढू नका, ती स्वतः काढेपर्यंत थांबा. काढलं तर नीट माहिती द्या एवढंच. पूर्वी ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं, मूल कायद्यानं आपलं व्हायचं नाही. आता तसं नाही, बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे कुठल्याही धर्माच्या जोडप्याला रीतसर दत्तक घेता येतं, नोंदणी कारा या सरकारी दत्तक संस्थेच्या वेबसाईटवर होते, मधल्या माणसाला पैसे देऊन कुठंही करायचं नाही. आणि तिथंही नोंदणीनंतर काही वर्षं थांबावं लागतं हे आधीच सांगा, नाहीतर तिच्यावर अजून एक आशा लादल्यासारखं होईल. उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे हेही त्या दोघांनीच ठरवायचं. उपचार घेतले म्हणजे विश्वास नाही आणि थांबवले म्हणजे आशा सोडली, असं दोन्हीकडून बोलणारे लोक मंडळीत असतात, त्यांना तुम्ही गप्प केलंत तर ती फार मोठी मदत होईल.

बुधवारची_प्रार्थना (सोलापूर)

सगळ्यांचं परत परत वाचतेय. पाळकांच्या घरची ताई, तुम्ही म्हणालात ते खरंय, त्या दोन बाळांबद्दल आमच्यात कुणीच कधी काही बोललेलं नाही. पहिल्या वेळी सहावा महिना लागला होता.

पाळकसाहेबांशी काल बोलले. सभेचं त्यांच्याही मनात होतंच म्हणाले, पण विषय काढला तर तिला जास्त लागेल म्हणून थांबले होते. पुढच्या आठवड्यात जाणार आहेत, आम्ही कुणी सोबत जायचं नाही असं ठरलं. उपवास न सांगता सुरू करतोय, कृपा ताई तुम्हाला मेसेज करते.

मी परवा पुन्हा गेले होते तिच्याकडे, नाव घरी घेऊ का असं विचारलं. काही बोलली नाही, मान हलवली फक्त. मग गॅसवर भाकरी होती ती उलटवली आणि म्हणाली, यांना पण घ्या त्यात, हे रात्री झोपत नाहीत. मी त्याच्याबद्दल कधी विचारच केला नव्हता इतका. त्याला कसं गाठायचं? तो बायकांच्या प्रार्थनेत येणार नाही, आणि पाळकांसमोर सगळं ठीक आहे म्हणेल.

जुनी_मिल_चाळ

मी हाच प्रश्न विचारणार होतो, बरं झालं तुम्हीच काढलात. वरती सगळं वाचलं, सगळं बरोबर आहे, पण सगळं ताईभोवतीच आहे. आम्हा पुरुषांना मंडळीत कुणी विचारत नाही आणि विचारलं तरी आम्ही सांगत नाही. कारखान्यात तर विचारूच नका, पोरं काय काय बोलतात, त्यात त्याला मूल नाही म्हटल्यावर चहाच्या टपरीवर कसले कसले विनोद होत असतील ते मला माहितीय, मी पण लूमवरच आयुष्य काढलंय. तो घरी येऊन हे बायकोला सांगणार नाही. म्हणून झोप नाही.

१ शमुवेल २३ मध्ये दावीद रानात लपलाय, राजा शौल रोज त्याच्या मागावर आहे. अभिषेक होऊन वर्षं लोटली तरी राज्य कुठं दिसत नाहीये. तेव्हा योनाथान उठून रानात त्याच्याकडे गेला आणि देवाच्या ठायी त्याला धीर दिला असं सोळाव्या वचनात आहे. राजाचा मुलगा, बापाचा राग ओढवून घेऊन, स्वतः गेला तिथं. निरोप नाही पाठवला. आणि भेटून झाल्यावर दावीद रानातच राहिला आणि योनाथान घरी गेला, परिस्थिती एका पैशानं बदलली नाही. तरी ती भेट पवित्र शास्त्रात लिहून ठेवलीय.

त्याला प्रार्थनेला बोलवू नका. पुरुषाला समोर बसवून कसा आहेस विचारलं की तो बरा आहे म्हणणारच. काम काढा काहीतरी. मंडळीच्या आवारातले पंखे उतरवून साफ करायचे असतील, नाताळच्या आधी रंग द्यायचा असेल, कुणाची मोटर बिघडली असेल, सोबत हात काळे करत दोन तास घालवले की माणूस आपोआप बोलतो, नाही बोलला तरी चालतंय. पहिल्या दिवशी तर देवाचं नावही काढू नये असं माझं मत आहे, काहींना पटणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी निघताना नुसतं एवढं म्हणायचं की मी तुम्हा दोघांना प्रार्थनेत धरतो. तेवढं पुरतं.

तो कुठल्या शिफ्टला असतो ते कळवा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत असेल तर मला जवळच आहे, दुपारी शिफ्ट सुटताना मी तिकडं असतोच. माझ्याकडे सायकलला लावायची एक जुनी मोटर उघडून ठेवलीय, एकट्यानं बसत नाहीये ती, दोन माणसं लागतात. त्यालाच विचारतो.